पाटी, खुर्ची आणि एतबार

आमचे गाव कोकणातले, खाडीच्या काठचे, तालुक्याचे ठिकाण. अशा गावात एखादा जुना डॉक्टर निवृत्त होतो, तेव्हा ती केवळ त्याच्या घरची गोष्ट राहत नाही. गेली छत्तीस वर्षे ज्यांनी इथल्या तीन पिढ्यांचे दात पाहिले, ते दंतवैद्य आता आपला दवाखाना एका तरुण जोडप्याच्या हवाली करीत आहेत. नवरा-बायको दोघेही बी.डी.एस., शहरातून आलेले, बँकेचे कर्ज काढून दवाखाना घेणारे. व्यवहार कायदेशीर आहे. दोन्ही बाजूंची माणसे भली आहेत. तरीही मशिदीच्या ओट्यावर, एस.टी. स्टँडवर, आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये एकच प्रश्न फिरतो आहे : डॉक्टरसाहेबांनी दवाखाना विकला, म्हणजे नेमके काय विकले?

उत्तर वरवर सोपे आहे. खुर्ची विकली, हवेवर चालणारे दात कोरण्याचे यंत्र विकले, कॉम्प्रेसर, एक्स-रे मशीन, अवजारे निर्जंतुक करण्याचे ऑटोक्लेव्ह विकले, गाळा विकला. पण या सर्वांची बेरीज केली तरी ठरलेली रक्कम भरत नाही. उरलेल्या रकमेला हिशेबनीस 'गुडविल' म्हणतो. या एका शब्दाने आम्हांस विचारात पाडले आहे.

गुडविल म्हणजे काय, हा प्रश्न न्यायालयांपुढे फार जुना आहे. इंग्लंडचे न्यायाधीश लॉर्ड एल्डन यांनी १८१० साली एका खटल्यात त्याचा अर्थ असा लावला की, जुने गिऱ्हाईक जुन्याच जागी पुन्हा येण्याची शक्यता, याहून ते अधिक काही नाही. आपल्याकडे १८७२ सालच्या करार कायद्याच्या २७ व्या कलमाने कोणालाही त्याचा धंदा करण्यापासून रोखणारा करार रद्दबातल ठरवला. पण गुडविल विकणाऱ्याला त्यातून वेगळे काढले. त्याने ठरावीक हद्दीत पुन्हा तोच धंदा थाटू नये, अशी वाजवी अट खरेदीदार घालू शकतो. म्हणजे गुडविल ही विकता येणारी वस्तू आहे, हे कायद्याला मान्य आहे. दुकानाच्या बाबतीत यात गैर काही नाही. किराणा दुकानाचा मालक बदलला, तरी साखर आपण डोळ्यांनी पाहतो, तांदूळ हातावर घेऊन पाहतो. मासळी बाजारात तर सुरमईचे कल्ले उचलून पाहिल्याशिवाय आमच्या गावची कोणतीही बाई पैसे मोजत नाही.

दाताचे तसे नाही. आपली दाढ आपल्याला दिसत नाही. ती किडली आहे की नाही, हे सांगणारा आणि ती कोरणारा माणूस एकच असतो. कोरून झाल्यावर कीड होती की नव्हती, याचा पुरावा उरत नाही. तिथे चांदी किंवा सिमेंट भरलेले असते. शिवाय त्या खुर्चीवर आपले तोंड उघडे असते, पण बोलता येत नाही. अशा स्थितीत आपण स्वतःला एका माणसाच्या हाती सोपवतो ते एतबारावर. म्हणजे गुडविल नावाची जी वस्तू विकली जात आहे, ती आमचा एतबार आहे. ती आमच्याकडून निघालेली आहे. मग तिची किंमत दुसऱ्याने का घ्यावी?

डॉक्टरसाहेबांनी तो एतबार कसा मिळवला, हे गावाला ठाऊक आहे. आखाती देशांतून महिन्याच्या सुट्टीवर आलेल्या माणसाचे रूट कॅनॉल आणि कॅप त्याच्या विमानाच्या तारखेआधी पुरे करायचे आणि पैसे कुवेतहून येतील तेव्हा घ्यायचे, हा त्यांचा रिवाज. "हा दात अजून चार-पाच वर्षे चालेल, राहू द्या," हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकले नाही असे घर शोधावे लागेल. न केलेल्या कामाचे पैसे कोणी देत नाही, आणि नेमक्या त्या न केलेल्या कामांतूनच त्यांची पत उभी राहिली.

दुसरी गोष्ट गुपितांची. दंतवैद्याला तोंडातले सगळे दिसते. घरात कोणाला न सांगता पहाटे मशेरी लावणारी सून, २०१२ साली राज्यात बंदी आल्यावरही गुटखा मिळवणारा मुलगा, गालाच्या आतला पांढरा चट्टा, पडून मोडला असे सांगितलेला पण पडून न मोडलेला दात. हे सर्व त्यांच्या कार्डांवर आहे आणि गावात कुठेही नाही. आता ही कार्डे कपाटासह नव्या मालकांकडे जातील. नव्या डॉक्टरांना ती लागणारच. कोणाला पेनिसिलीन चालत नाही, कोणाचे रक्त लवकर थांबत नाही, हे माहीत नसेल तर जीव धोक्यात येईल. पण ज्याचे कार्ड त्याला विचारायला नको का? २०२३ साली संसदेने डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, त्यात व्यक्तीच्या संमतीला मध्यवर्ती स्थान दिले आहे. कागदी कार्डांपर्यंत तो पोहोचत नाही; ती संगणकात चढली की पोहोचेल. परंतु कायदा पोहोचत नाही तिथे नीतीही पोहोचत नाही, असे कोणी म्हणणार नाही.

आपल्या भाषेत यासाठी एक नेमका शब्द आहे : अमानत. अमानत सांभाळणाऱ्याचा तिच्यावर ताबा असतो, मालकी नसते. तो ती परत करू शकतो, किंवा ठेवणाऱ्याला विचारून दुसऱ्या विश्वासू हाती देऊ शकतो. विकू मात्र शकत नाही. आमच्या मते दवाखान्याच्या व्यवहारात या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. खुर्ची मालकीची आहे, एतबार अमानत आहे.

इथे आमचे एक सहकारी शिक्षक आक्षेप घेतात, आणि तो वजनदार आहे. ते म्हणतात, "अहो सर, त्या माणसाला ना पेन्शन, ना ग्रॅच्युइटी. छत्तीस वर्षे वाकून वाकून पाठ गेली. त्यांनी म्हातारपणी काय खायचे?" हे आम्हांस पटते. १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीत आलेल्या आमच्यासारख्या शिक्षकांना जुनी पेन्शन लागू झाली नाही, त्यामुळे उतारवयाची काळजी आम्हांला पुस्तकातून शिकावी लागत नाही. छोट्या गावातल्या डॉक्टरची पुंजी म्हणजे त्याचा दवाखाना. तो विकणे हा लोभ नव्हे.

ब्रिटनमध्ये हा पेच १९४८ साली राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली तेव्हा उघडपणे पुढे आला. त्या सेवेत येणाऱ्या सामान्य डॉक्टरांना आपल्या प्रॅक्टिसचे गुडविल विकायला मनाई करण्यात आली. रुग्ण ही विकायची वस्तू नव्हे, असा त्यामागचा विचार. पण त्या डॉक्टरांचे म्हातारपण वाऱ्यावर सोडले नाही. भरपाई म्हणून सहा कोटी साठ लाख पौंडांची तरतूद केली. दंतवैद्यांना मात्र ही मनाई लागू झाली नाही. तिथे दातांचे दवाखाने आजही गुडविलसह विकले जातात. एकाच देशाने एकाच वेळी दोन उत्तरे दिली, यावरून प्रश्न किती अवघड आहे हे कळते. एवढे मात्र दिसते की, ज्या समाजाला एतबाराची विक्री नको असेल, त्याने एतबार सांभाळणाऱ्याच्या भाकरीची सोय केली पाहिजे. आम्ही तशी कोणतीही सोय केलेली नाही. म्हणून विक्रीच करू नका, असे म्हणण्याचा हक्क आम्हांला नाही.

मग काय म्हणण्याचा हक्क आहे? तो पाटीच्या प्रश्नातून स्पष्ट होतो. नव्या जोडप्याने अशी बोली केली होती की, डॉक्टरसाहेबांच्या नावाची पाटी आणखी तीन वर्षे दारावर राहू द्यावी. त्याचे वेगळे पैसे देऊ. डॉक्टरसाहेबांनी नाही म्हटले. त्याऐवजी सहा महिने आठवड्यातून दोन दिवस ते स्वतः दवाखान्यात बसतील, येणाऱ्या प्रत्येकाची नव्या डॉक्टरांशी ओळख करून देतील, कार्ड द्यायचे की परत न्यायचे हे ज्याला त्याला विचारतील आणि सहा महिन्यांनी पाटी उतरवतील, असे ठरले. यात रक्कम बरीच कमी झाली. गावातल्या काही व्यवहारी लोकांना हा खुळेपणा वाटला. नावाला काय होते, नाव तर राहतेच, असे ते म्हणतात.

नाव राहते हे खरे. डॉ. रफीउद्दीन अहमद यांचेच पाहा. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात दंतवैद्यक शिकून ते परतले आणि १९२० साली त्यांनी कलकत्त्यात देशातले पहिले दंतवैद्यक महाविद्यालय सुरू केले. त्यावर सोडा फाउंटनच्या धंद्यातला पैसा घातला. जवळजवळ तीन दशके ती संस्था वाढवली आणि १९४९ साली पश्चिम बंगाल सरकारच्या स्वाधीन केली. आज ते महाविद्यालय त्यांच्याच नावाने ओळखले जाते. पण त्या फाटकातून आत जाणारा कोणीही रुग्ण, १९६५ साली वारलेले अहमदसाहेब आपला दात काढतील, अशा समजुतीने जात नाही. तिथे नाव म्हणजे आठवण आहे. आमच्या दवाखान्याच्या दारावर तेच नाव आमिष झाले असते. पलीकडच्या वाडीतली म्हातारी दादी पाटी वाचून, किंवा नातवाकडून वाचून घेऊन, आत जाऊन बसली असती आणि तोंड उघडल्यावर तिला कळले असते की माणूस दुसराच आहे. फरक नावात नाही, वाचणाऱ्याच्या समजुतीत आहे. ज्या क्षणी नाव पाहून माणूस चुकीचे समजतो आणि त्या चुकीचे पैसे कोणीतरी घेतो, त्या क्षणी अमानतीत खयानत होते.

म्हणून आमचे म्हणणे असे : जाणाऱ्याला एतबार विकता येत नाही, पण ग्वाही देता येते. 'ही माणसे मी पाहिली, यांचे काम मी पाहिले,' एवढे तो सांगू शकतो. आणि ग्वाही तेव्हाच ग्वाही राहते, जेव्हा तिच्यावर किंमत लावलेली नसते.

आमच्या शाळांत हेच रोज घडते. मुख्याध्यापक बदलले की चार्ज दिला-घेतला जातो. बाके, कपाटे, नकाशे, पृथ्वीचा गोल, सारे डेडस्टॉक रजिस्टरात मोजून घेतात. त्यात मुले नसतात, कारण त्या रजिस्टराच्या नावातच डेड आहे. पण जूनमध्ये एका शिक्षकाकडून दुसऱ्याकडे वर्ग जातो, तेव्हा खरी सोपवणूक तोंडी होते. या मुलीला फळ्यावरचे दिसत नाही, पुढे बसवा. याचा बाप समुद्रावर असतो, घरी वाचून घेणारे कोणी नाही. एवढे सांगितले तर मूल तरते. आणि 'हा मठ्ठ आहे' असा एकच शेरा दिला, तर पुढची दहा वर्षे बुडतात. किती सांगायचे आणि किती झाकून ठेवायचे, हे ठरवताना डॉक्टर आणि शिक्षक एकाच जागी उभे असतात. नव्या हाताला उपयोगी पडेल तेवढे सांगावे, चवीसाठी काही सांगू नये.

आता नव्या मालकांविषयी. गावात त्यांच्याबद्दल आताच कुजबुज आहे की, हे लोक प्रत्येक दाताला कॅप घालतील. असे बोलणे न्यायाचे नाही. देशात तीनशेहून अधिक दंतवैद्यक महाविद्यालये आहेत, त्यांतली बरीच खाजगी. लाखो रुपये फी भरून मुले बाहेर पडतात, मग यंत्रसामग्रीचे कर्ज घेतात. दर महिन्याचा हप्ता डोक्यावर असताना 'हा दात राहू द्या' म्हणणे, हप्ता नसलेल्या माणसापेक्षा कठीण असते. जुन्या डॉक्टरांच्या नेकीशी त्यांची तुलना करताना हा फरक विसरू नये. गुडविलची किंमत जितकी जास्त, तितका हप्ता मोठा, आणि तो शेवटी आमच्याच दाढांतून वसूल व्हायचा. डॉक्टरसाहेबांनी कमी रक्कम घेतली, तेव्हा त्या तरुण जोडप्याला खरे बोलणे थोडे सोपे करून दिले, असे आम्हांस वाटते.

उरलो आम्ही. ज्याचा एतबार, त्याची जबाबदारी. जुन्या माणसावर होता तेवढा विश्वास नव्यावर पहिल्या दिवशी ठेवणे भोळेपणाचे, आणि अजिबात न ठेवणे अन्यायाचे. आधी साफसफाईसारख्या लहान कामाला जावे. आरसा मागावा, एक्स-रे पाहावा, "हे केलेच पाहिजे का, थांबले तर काय होईल?" असे विचारावे. चांगला डॉक्टर अशा प्रश्नाने रागावत नाही.

आणि एक काम सहा महिने संपायच्या आत करावे. दवाखान्याच्या मेजाच्या खणात एक उधारीची वही आहे. हिशेबनिसाने ती येणी म्हणून मोजायला घेतली, तेव्हा डॉक्टरसाहेब म्हणाले, "ती वही व्यवहारात नाही." नव्या मालकांनी आमच्या दारी वसुलीला येऊ नये, म्हणून त्यांनी ती वगळली. ते स्वतः मागणार नाहीत, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या वहीत या गावातली बरीच नावे आहेत, सुट्टीवर येऊन गेलेल्यांचीही. डॉक्टरांनी अमानत कशी सांभाळली, याची चर्चा ओट्यावर पुष्कळ झाली. आता ज्याने त्याने जाऊन त्या वहीतले आपले पान पाहावे.