नोआहचा कावळा



सुक्कोथ आटोपला, सिम्हाथ तोराच्या दिवशी सेफेर तोरा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला, आणि बेरेशीथच्या पाठोपाठ नोआहची पाराशा आली. सुक्कोथच्या मधल्या दिवसांत, म्हणजे होल हामोएदमध्ये, नातवंडांना घेऊन जेरुसलेमच्या बायबल झूला किंवा रामत गनच्या सफारीला जाऊन आलेली कुटुंबे आपल्या समाजात पुष्कळ आहेत. थोड्याच दिवसांनी तीच नातवंडे सिनेगॉगमध्ये आपल्याशेजारी बसून नोआहच्या तारवाची गोष्ट ऐकतात. ह्या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे, आणि तो केवळ खिडकीतून मान काढणाऱ्या जिराफाच्या चित्रापुरता नाही, असे आम्हांस वाटते.

तारू म्हटले की मुलांच्या डोळ्यांपुढे रंगीत खेळणे उभे राहते. परंतु पवित्र शास्त्र नीट वाचले तर तेथे मौज फार थोडी आहे. तीनशे हात लांब, पन्नास हात रुंद आणि तीस हात उंच अशी ती चोहोंकडून बंद पेटी. दुसऱ्या महिन्याच्या सतराव्या दिवशी प्रलय सुरू झाला आणि पुढल्या वर्षी त्याच महिन्याच्या सत्ताविसाव्या दिवशी जमीन कोरडी झाली. म्हणजे एक वर्ष आणि वर दहा दिवस. इतके दिवस त्या सगळ्यांना खाऊपिऊ कोण घालीत होते? आपल्या हाखामांनी हा प्रश्न सोडला नाही. गेमारामध्ये, मसेखेथ सनहेद्रिनमध्ये, नोआहचा मुलगा शेम तारवातले हाल सांगतो. दिवसा खाणाऱ्यांना दिवसा घालायचे, रात्री खाणाऱ्यांना रात्री उठून घालायचे. झिकिता नावाच्या एका लहान जिवाला काय लागते हेच बापाला कळेना. एके दिवशी डाळिंब फोडताना त्यातून अळी पडली आणि ती त्याने गट्ट केली. तेव्हापासून नोआह त्याच्यासाठी कोंडा भिजवून ठेवी आणि त्यात अळ्या पडू देई. सिंहाला खाणे पोचायला एकदा उशीर झाला तेव्हा त्याने नोआहला असा तडाखा दिला की तो लंगडा झाला, असेही मिद्राशात आहे. पूज्य पुरुष म्हणून ज्याचे नाव घ्यायचे तो वर्षभर शेण काढणारा आणि कोंडा भिजवणारा माणूस होता, हे लहानांना आवर्जून सांगावे. मोठ्यांनाही.

आता कावळ्याकडे येऊ. पाणी ओसरू लागल्यावर नोआहने पहिल्याने कावळा सोडला, मग कबुतर. कबुतर ऑलिव्हचे पान घेऊन आले म्हणून त्याचे कौतुक झाले, चित्रे निघाली, आणि कावळा मागे राहिला. परंतु त्याच गेमारामध्ये कावळा नोआहला तोंडावर उत्तर देतो. त्याचा मथितार्थ असा : शुद्ध प्राण्यांच्या सात सात जोड्या तू आत घेतल्यास, आमच्यासारख्या अशुद्धांची एकच जोडी. ज्यांचे सात आहेत त्यांतला एक पाठवायचा सोडून तू मला पाठवतोस. मी उन्हाने किंवा थंडीने मेलो तर जगातून एक जात नाहीशी होईल, त्याचे काय?

दीड हजार वर्षांपूर्वी लिहिलेल्या ग्रंथात हा प्रश्न आहे. नामशेष होत चाललेल्या प्राण्यांबद्दल आज जगभर परिषदा भरतात, त्या ह्याहून निराळे काय विचारतात? एक जोडी उरली की एकाच्या मरणाने केवळ एक जीव जात नाही, त्याचे सगळे घराणे जाते. आणि हा प्रश्न सिंहाने विचारला नाही, हरणाने विचारला नाही. ज्याला आपण हाकलतो त्याने विचारला.

गोष्ट येथे संपत नाही. बेरेशीथ रब्बामध्ये म्हटले आहे की नोआहला हा कावळा नको झाला होता. खायला कामाचा नाही, बलिदानाला कामाचा नाही, हवा कशाला? तेव्हा परमेश्वराने त्याला सांगितले की, आत घे त्याला, जगाला पुढे त्याची गरज पडणार आहे. केव्हा? अहाबच्या राज्यात दुष्काळ पडला आणि एलियाहू हन्नाबी करिथ ओढ्याकाठी लपून राहिला तेव्हा. सकाळ-संध्याकाळ भाकर आणि मांस घेऊन त्याच्याकडे कोण गेले ते पहिल्या राजांच्या पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात पाहावे. कावळे गेले.

ज्या एलियाहू हन्नाबीच्या नावाने आपण मलिदा करतो, ज्याच्या रथाची खूण अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकावर आपले वाडवडील दाखवीत, तो संदेष्टा त्या कावळ्यांच्या चोचीतून जगला. कावळा दारात ओरडला की पाहुणा येणार असे कोकणात म्हणत. त्या म्हणण्यात शास्त्र असो वा नसो, कावळ्याला हाकलायच्या आधी क्षणभर थांबण्याची ती सवय वाईट नव्हती.

अशा नकोशा जिवाचे आपल्या डोळ्यांदेखत घडलेले एक उदाहरण आहे, ते म्हणजे गिधाड. वायिक्राच्या अकराव्या अध्यायात निषिद्ध पक्ष्यांची यादी आहे, तीत पहिले नाव नेशेर. नेशेर म्हणजे गरुड असे आपण शिकलो, पण पुष्कळ विद्वानांच्या मते तो हा मोठा गिधाडच. आणि तोच नेशेर मोशे रब्बेनूने आपल्या शेवटच्या गीतात परमेश्वराच्या मायेसाठी वापरला, पिलांना पंखांवर घेणारा म्हणून. मुंबईत वाढलेल्या आपल्या पिढीने मलबार हिलवर पारशांच्या डुंगरवाडीभोवती घिरट्या घालणारी गिधाडे पाहिलेली आहेत. १९९० नंतरच्या काही वर्षांत भारतातली गिधाडे शंभरातली पंच्याण्णवांहून अधिक मेली. कारण २००४ साली उजेडात आले : गुरांना दुखण्यावर देण्यात येणारे डायक्लोफेनॅक नावाचे औषध. औषध दिलेले जनावर मेले आणि गिधाडांनी ते खाल्ले की त्यांचे मूत्रपिंड निकामी होई. २००६ साली भारत सरकारने गुरांसाठी त्या औषधावर बंदी घातली, पण तोवर मेलेली ढोरे उघड्यावर कुजू लागली होती, भटकी कुत्री वाढली होती आणि पिसाळलेल्या कुत्र्यांचा धोकाही वाढला होता. पारशी बांधवांचा पिढ्यान्‌पिढ्यांचा अंत्यविधी अडला. गिधाड गावाची केवढी सेवा करीत होते ते गेल्यावर समजले. आपल्या इस्राएलातही नेशेर संकटात आहे. नेगेवमध्ये कोणीतरी कोल्ह्या-लांडग्यांसाठी विष घातलेले मांस टाकतो आणि गिधाडे त्याला बळी पडतात. म्हणून स्पेनहून गिधाडे आणून येथे सोडावी लागतात, आणि जेरुसलेमच्या बायबल झूमध्ये त्यांची अंडी यंत्रात उबवून पिले वाढवतात.

येथे कोणी विचारील की पिंजऱ्यात प्राणी कोंडणे हे धर्माला धरून आहे काय? मुक्या जिवाला दुःख देऊ नये ही आज्ञा आपल्याकडे थोर आहे, आणि पिंजऱ्यातल्या वाघाच्या येरझारा पाहून ज्यांचे मन खट्टू होते त्यांना आम्ही हसणार नाही. याचे उत्तर तारवातच आहे. तारू हे घर नव्हते. बेरेशीथच्या आठव्या अध्यायात परमेश्वर नोआहला स्पष्ट सांगतो की तू बाहेर ये आणि त्या सर्वांना बाहेर आण, म्हणजे ते पृथ्वीवर वाढतील. ज्या प्राणिसंग्रहालयाला बाहेर जाण्याचे दार आहे ते तारू. ज्याला नाही, तो नुसता तमाशा. तिकीट काढण्यापूर्वी एवढे पाहावे.

बायबल झू हिब्रू विद्यापीठाच्या प्राध्यापक अहरोन शुलोव यांनी १९४० साली जेरुसलेमात एका लहानशा जागेत सुरू केला. तो कितीदा तरी हलला, १९४८ च्या युद्धात त्याने पुष्कळ प्राणी गमावले, आणि १९९३ पासून तो मालहाच्या दरीत आहे. पवित्र शास्त्रात ज्यांची नावे आहेत ते प्राणी लोकांना दाखवावेत हा त्यांचा हेतू. त्या नावांत एक आहे यहमूर. देवारीमच्या चौदाव्या अध्यायात खाण्यास योग्य प्राण्यांत तो आहे, शेलोमो राजाच्या ताटातही तो होता. अंगावर पांढरे ठिपके, पाहिल्याबरोबर आपल्याकडच्या चितळाची आठवण व्हावी. शिकाऱ्यांच्या बंदुकांपुढे हा प्राणी ह्या देशातून साफ नाहीसा झाला. जगातूनच गेला असे धरून चालले असता १९५० नंतरच्या दशकात इराणच्या खुझेस्तान भागात नदीकाठच्या झाडीत थोडेसे उरलेले सापडले. निसर्ग-राखीव क्षेत्रांचे प्रमुख, माजी सेनाधिकारी अव्राहाम योफे, यांनी ते मिळवण्याचा ध्यास घेतला. १९७८ च्या अखेरीस, तेहरानमध्ये शहाची सत्ता कोसळत असताना, चार यहमूर विमानात घालून इस्राएलात आणले गेले. कार्मेल डोंगरावरच्या हाय-बारमध्ये त्यांचा वंश वाढला, १९९६ पासून गालीलच्या नहल कझीवमध्ये आणि पुढे जेरुसलेमच्या डोंगरांत ते मोकळे सोडण्यात आले. जेरुसलेमच्या डोंगरांत सोडलेले यहमूर ह्याच बायबल झूमध्ये वाढलेले होते. आज ते शेकड्यांनी आहेत. दिमोना-येरुहामच्या वाचकांना तर दूर जायलाही नको. इय्योबच्या पुस्तकात ज्या मोकाट रानगाढवाबद्दल परमेश्वर विचारतो, तसली रानगाढवे १९८२ पासून मख्तेश रामोनमध्ये सोडली गेली आणि आता नेगेवभर हिंडतात.

ह्या कामात आपल्या समाजाचाही एक मनुष्य आहे, आणि त्याचे नाव आपल्या मुलांना ठाऊक नसावे ह्याचे आम्हांस वाईट वाटते. अहमदाबादचे रूबेन डेव्हिड. तरुणपणी शिकारी. शिकार सोडली आणि स्वतःच्या अभ्यासाने प्राण्यांचे वैद्य झाले. १९५१ साली कांकरिया तळ्याकाठी त्यांनी प्राणिसंग्रहालय उभे केले, आणि १९७५ साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली. प्रागचे हाखाम येहेझकेल लांडाऊ यांना अठराव्या शतकात कोणीतरी विचारले होते की, मनोरंजनासाठी यहुद्याने शिकार करावी काय? त्यांनी उत्तर दिले की शास्त्रात शिकारी म्हणून निम्रोद आणि एसाव हे दोघेच सापडतात, याकोबच्या लेकरांचा तो धंदा नव्हे. बंदूक खाली ठेवून आजारी जनावरांच्या उशाशी बसणारा आपला हा बांधव त्या उत्तराचा चालता-बोलता अर्थ होता.

सगळ्यांनी विमानाने हरणे आणावीत असे कोणी म्हणत नाही. आपले वाडवडील तेल गाळणारे होते. ग्रंथ हरवले, तरी शनवारी घाणा बंद राहिला आणि म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणाले. घाणा बंद म्हणजे बैलालाही सुट्टी. दहा आज्ञांत बैलाचे नाव घेऊन जी विश्रांती सांगितली आहे ती कोकणातल्या बैलाला मिळत होती. शेमाच्या दुसऱ्या भागात आधी गुरांसाठी गवत येते आणि मग आपले जेवण येते. त्यावरून हाखामांनी नियम काढला की जनावराला घातल्याशिवाय आपण घास घेऊ नये. अशा घरातल्या माणसांना बाकीचे सांगणे जड जाऊ नये.

घरात उंदीर झाले की आपण विष आणतो. तो उंदीर घुबडाने खाल्ला की घुबडही जाते. सापळा लावावा. घुबडाला आपण अशुभ मानत आलो, तोराच्या यादीतही ते अशुद्ध, पण बेथ शेआनच्या खोऱ्यातल्या स्दे एलियाहू किबुत्झने १९८३ पासून शेतात घुबडांसाठी लाकडी पेट्या लावल्या आणि उंदरांवरचे विष कमी केले. देशातल्या शेतांत आता अशा पेट्या हजारोंनी आहेत, आणि पुढे जॉर्डनचे शेतकरीही ह्या कामात सामील झाले. (किबुत्झचे नाव रब्बी एलियाहू गुटमाखर यांच्यावरून आहे, आपल्या संदेष्ट्यावरून नव्हे, तरी ऐकायला बरे वाटते.) अश्दोदच्या किनाऱ्यावर शब्बाथ संपल्यावर फिरायला जाणाऱ्यांनी प्लॅस्टिकची पिशवी वाळूत टाकू नये, कारण समुद्रातली कासवे ती जेलीफिश समजून गिळतात. मिखमोरेथच्या कासव-केंद्रात अशी कासवे उपचारासाठी येतात. रानातला पोपट किंवा कासव हौसेखातर विकत घेऊ नये. जखमी पक्षी किंवा हरीण दिसले तर स्वतः उचलू नये, निसर्ग व उद्यान प्राधिकरणाला *३६३९ वर फोन करावा.

हे ऐकून कोणी म्हणेल, एकट्या घराने काय होणार? १९६० च्या दशकात ह्या देशात रानफुले तोडून घरी नेण्याची सर्रास चाल होती. मग फुले तोडू नका अशी मोहीम निघाली, शाळेत शिक्षकांनी मुलांना सांगितले आणि मुलांनी घरी आईबापांचे हात धरले. त्या वेळी नव्याने आलेल्या आपल्या लोकांचेही. आज कोणी अनेमोनी तोडताना दिसला तर लोक त्याला रस्त्यात थांबवतात.

राहता राहिले झूमधले वागणे. जुन्या काळी राणीच्या बागेत लोक माकडांना चणे-शेंगदाणे टाकीत. आता नातवंडे बांबा टाकतात. माकडाचे पोट त्याने बिघडते. त्याऐवजी एक आपले जुने साधन आहे. मसेखेथ बेराखोथमध्ये म्हटले आहे की हत्ती किंवा माकड पाहिले तर बेराखा म्हणावी, परमेश्वराने आपल्या जिवांना निरनिराळी रूपे दिली म्हणून. शुल्हान आरुखमध्येही ती आहे. देवाचे नाव घेऊन म्हणावी की नाही, आणि किती दिवसांनी पुन्हा म्हणावी, ह्याबद्दल आपल्या सिनेगॉगच्या हज्जानला किंवा रब्बीला विचारावे. पुढच्या वेळी मालहाला गेलात तर हत्तींसमोर नातवंडांना ओळीने उभे करावे, ती बेराखा त्यांच्याकडून म्हणवून घ्यावी, आणि म्हणण्यापूर्वी त्यांच्या हातांतली बांबाची पाकिटे आपल्या पिशवीत ठेवावीत.