आजीला जागा असलेले पुस्तक

तीन ते सात वर्षांच्या मुलाला घरीच शिकवायचे आणि त्या शिकवण्यात श्रद्धाही असू द्यायची, असे ठरवणारी कॅथलिक कुटुंबे आपल्याकडे थोडी आहेत. उरणसारख्या गावात तर फारच थोडी. पण थोड्यांचा म्हणून हा प्रश्न बाजूला सारता येत नाही. न्हावा-शेवा बंदर 1989 साली सुरू झाले आणि उरणची वस्ती पालटली. कामाच्या निमित्ताने वसईकडची, गोव्याकडची, केरळातली माणसे इथे राहायला आली. जानेवारी 2024 मध्ये अटल सेतू खुला झाला, लोकल थेट उरणपर्यंत आली. मुंबई जवळ आल्यामुळे घरातले एक माणूस पहाटे निघून रात्री परतू लागले. मूल दिवसभर ज्यांच्या हाती असते त्या आईला किंवा आजीला प्रश्न पडतो, की याला काय शिकवू आणि कशातून शिकवू?

शोधायला बसले की आधी अमेरिका समोर येते. सेटन, कोल्बे अकॅडमी, मदर ऑफ डिव्हाइन ग्रेस, कॅथलिक हेरिटेज करिक्युला अशी नावे. अक्षरओळख, हस्ताक्षर, अंकगणित, संतचरित्रे, धर्मप्रश्नोत्तरी आणि कोणत्या दिवशी काय घ्यायचे याचा आराखडा, असा वर्षभराचा शिधा एका खोक्यात येतो. पुस्तके देखणी असतात आणि त्यांच्यामागे अनेक वर्षांचा अनुभव असतो. पहिल्यांदाच शिकवायला बसलेल्या आईला त्याचा आधार वाटला तर नवल नाही. तरीही सात वर्षांखालच्या मुलासाठी हा खोका जसाच्या तसा घेऊ नये, असे मी आग्रहाने म्हणतो. काही शे डॉलरची किंमत हे त्याचे दुय्यम कारण. मुख्य कारण असे, की या वयाचे मूल पुस्तकातून श्रद्धा शिकत नाही, ते घरातल्या माणसांच्या तोंडून आणि हातांतून शिकते. तेव्हा साहित्याची कसोटी एकच : ते घरातल्यांना बोलते करते, की गप्प बसवते?

कायद्याची बाजू थोडक्यात. 1 एप्रिल 2010 पासून लागू झालेला शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे आणि तो शाळा गृहीत धरून लिहिलेला आहे, घरशाळेसाठी त्यात वेगळी तरतूद नाही. पुढे घरीच शिकवत राहणारी कुटुंबे बहुधा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा रस्ता धरतात. सहाच्या आतल्या मुलाला घरी शिकवायला मात्र कसलीही आडकाठी नाही. आपला विषय मुख्यतः त्याच वयाचा आहे.

अमेरिकेतले हे साहित्य कोणत्या परिस्थितीत तयार झाले ते पाहिले की त्याचा सूर कळतो. तिथल्या कॅथलिक शाळांची पटसंख्या 1960 च्या दशकाच्या मध्यावर शिखरावर होती, नंतर ती झपाट्याने घसरली. शिकवणाऱ्या धर्मभगिनी कमी झाल्या. नव्या धर्मशिक्षणाच्या पुस्तकांत श्रद्धेचा गाभाच पातळ झाला, असे अनेक पालकांना वाटू लागले. त्यांनी मुले घरी आणली आणि 1885 ची जुनी बाल्टिमोर प्रश्नोत्तरी पुन्हा हाती घेतली. गमावलेले राखून ठेवण्याची ती धडपड होती आणि तिच्याविषयी मला आदर आहे. पण त्या धडपडीत बाहेरच्या जगाविषयीची एक भीती मुरलेली आहे. आपल्याकडचे चित्र उलटे आहे. इथल्या कॉन्व्हेंट शाळा भरलेल्या आहेत, त्यांतली बहुसंख्य मुले ख्रिस्ती नाहीत, आणि कॅथलिक मुलाचे धर्मशिक्षण एखाद्या वेगळ्या तासापुरते किंवा रविवारच्या मिस्सेनंतरच्या वर्गापुरते उरते. अमेरिकन आईला शाळेपासून मूल वाचवायचे होते. उरणच्या आईला आठवड्यातल्या त्या एका तासाला उरलेल्या सहा दिवसांची जोड द्यायची आहे.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 या एकाच दिवशी दोन घोषणापत्रे प्रसिद्ध केली. एक ख्रिस्ती शिक्षणाविषयी, ज्यात आईवडिलांना मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक म्हटले आहे. दुसरे ख्रिस्तेतर धर्मांशी असलेल्या नात्याविषयी, ज्यात त्या धर्मांतले जे सत्य आणि पवित्र ते चर्च नाकारत नाही, अशी भूमिका आहे. घरशाळेचे समर्थक पहिल्याचा आधार वारंवार घेतात. दुसऱ्याची आठवण क्वचितच निघते. उरणमध्ये ही दोन पत्रे वेगळी करता येणार नाहीत. इथल्या कॅथलिक मुलाचा शेजार आगरी-कोळ्यांचा आहे. गौरी-गणपतीत मोदकांचे ताट भिंतीपलीकडून येते आणि नाताळात कुलकुलांचे ताट पलीकडे जाते. त्या ताटाविषयी मुलाला काय सांगायचे, हे परदेशी संचात कुठेच सापडणार नाही.

आणखी अवघड प्रश्नही येतात. घारापुरी उरण तालुक्यातच आहे. लेणी पाहायला गेलेले मूल भंगलेल्या मूर्ती पाहून विचारणारच, हे हातपाय कोणी तोडले? त्या उत्तरात पोर्तुगीज शिपायांचे नाव घेतले जाते. द्रोणागिरीवर पोर्तुगीज काळातल्या चर्चचे अवशेष आहेत, तेव्हा तेही कोणी बांधले हा प्रश्न ओघाने येतो. ज्यांच्या राज्यात आपल्या पूर्वजांपर्यंत ख्रिस्ताची कथा पोचली त्यांच्याच हातून दुसऱ्यांच्या देवांचा अपमानही झाला, हे पाच-सहा वर्षांच्या मुलाला सांगता येते. साध्या शब्दांत आणि खोटे न बोलता सांगता येते. असे वागणे येशूला आवडले नसते, हेही त्याच वेळी सांगता येते. मिशनऱ्यांच्या केवळ विजयकथा वाचून वाढलेल्या मुलाजवळ या प्रश्नाला उत्तर नसेल आणि पुढे कधीतरी ते शरमेने चर्चपासून लांब जाईल.

आता दाखले. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात जाळ्याचा दृष्टान्त आहे. समुद्रात टाकलेल्या जाळ्यात सगळ्या प्रकारचे सापडते, मग काठावर बसून चांगले भांड्यात गोळा करतात आणि वाईट टाकून देतात. करंजा बंदरावर होडी लागली की हेच घडते. बायका पाट्या घेऊन बसतात, मांदेली एकीकडे, कोळंबी एकीकडे, जवळा वेगळा. त्यांचे हात इतके भरभर चालतात की मुलाची नजर पुरत नाही. खाली उरतो तो चिखल, बारके खेकडे आणि हल्ली प्लॅस्टिक. हे पाहिलेल्या मुलाला घरी येऊन तो दृष्टान्त सांगावा. त्यात एक गोष्ट मात्र विसरू नये : गोष्टीतली निवड देवदूत करतात, आपण करायची नाही, आपण फक्त जाळ्यात असतो. पाच वर्षांच्या मुलाला हे समजते. रंगीत चित्राखाली हेच वाक्य छापलेले असते तर ते पान उलटून पुढे गेले असते.

मिठाचेही तसेच. उरणची मिठागरे बंदर आणि वसाहतींपायी बरीच गेली, तरी जिथे टिकून आहेत तिथे पाऊस सरल्यावर खाजणाचे पाणी हळूहळू कसे आटते आणि तळाशी खडे कसे धरतात ते मुलाला दाखवता येते. तुम्ही पृथ्वीचे मीठ आहात, या अर्थाचे येशूचे बोलणे त्याला तिथे कळेल. मोहरीचा दाणा रोज फोडणीत तडतडतो. पेरणाऱ्याचा दृष्टान्त तेवढा जुळत नाही, कारण आपल्याकडे भात राबात दाट पेरतात, मग उपटून लावणी करतात. वाटेवर, खडकावर बी उधळत कोणी जात नाही. तिथे आईला थांबून समजावावे लागेल. तेही चांगलेच, कारण मूल विचारेल, ती सांगेल आणि पुस्तक तोवर मिटलेले राहील.

वर्षाचे चक्रही इथलेच हवे. परदेशी आराखडा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये सुरू होतो, पानगळ आणि बर्फ यांतून जात वसंतात ईस्टरला पोचतो. आपले वर्ष जूनच्या पावसात उघडते. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी मुंबई-वसईकडचा ईस्ट इंडियन कॅथलिक समाज आगेरा साजरा करतो, नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादासाठी नेतात. मुलाच्या हातात ती लोंबी द्यावी, चार दाणे सोलून दाखवावेत. आगमनकाळ येतो तेव्हा शिवारात भात कापून झालेले असते. नाताळच्या आसपास वालाच्या शेंगा येऊ लागतात आणि त्या मडक्यात भाजायची पोपटी लागते. देशावरून मेंढ्या घेऊन धनगर कोकणात उतरतात तेही पाऊस संपल्यावरच, त्यामुळे गोठ्याभोवतीचे मेंढपाळ आपल्या मुलांना चित्रातच पाहावे लागतात असे नाही.

या विचारात नवे काही नाही. मारिया मॉण्टेसरी स्वतः कॅथलिक होत्या. त्यांच्या पद्धतीवरून सोफिया काव्हालेत्ती आणि जान्ना गोब्बी यांनी रोममध्ये 1954 पासून लहान मुलांसाठी धर्मशिक्षणाची पद्धत घडवली. तिच्यात वेदी, मेणबत्ती, लाकडी मेंढ्या मुलाच्या हाताळणीत असतात आणि मोठे माणूस फार बोलत नाही. परदेशातून घ्यायचेच तर मी हे आधी घेईन. पण घेण्याची रीत ताराबाई मोडकांकडून शिकावी. 1945 साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी मॉण्टेसरीचे तत्त्व ठेवले आणि महागडी साधने सोडली. शंखशिंपले, बिया, खडे, पाने यांवर मुले मोजायला आणि ओळखायला शिकली. वारली पाड्यांवरच्या मुलांसाठी त्यांना जे जमले ते उरणच्या किनाऱ्यावरच्या आईला न जमायला काही कारण नाही.

सगळ्यात अवघड भाग भाषेचा. संध्याकाळची जपमाळ जिथे अजून चालते त्या घरात एक गोष्ट पाहायला मिळते. या प्रार्थनेची रचनाच अशी, की नमो मरियाचा पहिला भाग एकाने म्हणायचा आणि दुसरा बाकीच्यांनी. आजी मराठीत सुरुवात करते. नातवाला शाळेत किंवा आणलेल्या पुस्तकातून तीच प्रार्थना इंग्रजीत शिकवलेली असते. आजीचा भाग संपतो आणि त्याला आपला भाग येत नाही. तो ओठ हलवतो किंवा गप्प राहतो. काही दिवसांनी आजी एकटीच जपमाळ म्हणू लागते आणि मुलाला झोपायला पाठवले जाते. दोघांनाही प्रार्थना येते, पण एकत्र येत नाही. मुलाला पुढे इंग्रजी लागणार आहे हे खरे, आणि ते त्याला शाळेत मिळेलच. आजीबरोबर म्हणायची वर्षे मात्र नंतर मिळत नाहीत.

आपल्या भाषेत श्रद्धा शिकण्याचा वारसा इथे केवढा जुना आहे! 1579 साली गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने रायतूर इथे 1616 साली ख्रिस्तपुराण छापले. मराठीत, ओवीत आणि रोमन लिपीत. जुनी पुराणे हातातून गेलेल्या नवख्रिस्ती लोकांनी आपल्याला वाचायला काही द्या अशी मागणी केली, आणि त्या मागणीतून ते पुराण जन्मले. त्या मागणीमागे सक्तीचा इतिहास आहे, तो झाकू नये. पण ओवी म्हणजे कानाने शिकायचे वाङ्मय, हे त्या परक्या माणसाने ओळखले होते. टिपूच्या कैदेत, 1784 ते 1799 या काळात, चर्च आणि धर्मगुरू दुरावलेल्या मंगळुरी ख्रिस्ती लोकांना या ओव्यांनी तारले, असे परंपरा सांगते. घरातल्या शिकवणीचा याहून कठीण काळ कोणता असेल?

मग फळीवर काय ठेवावे? अक्षरांना आणि अंकांना बालभारतीची पहिलीची पुस्तके पुरेत. बेरजेत सफरचंदांच्या जागी देवदूत मोजल्याने गणित कॅथलिक होत नाही. आईने स्वतः वाचायला फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे सुबोध बायबल घ्यावे आणि वाचलेले आपल्या शब्दांत सांगावे. चांगल्या चित्रांचे एखादे परदेशी बायबल असू द्यावे, त्यातला मजकूर मुलाला वाचून दाखवायची गरज नाही. प्रश्नोत्तरी टाकाऊ नाही, पण तिची वेळ सातव्या वर्षाच्या आसपास येते. पहिल्या कम्युनियनचे वय साधारण सात, असे दहाव्या पायस यांनी 1910 मध्ये ठरवून दिले, त्यामागे मूल त्या सुमारास विचार करू लागते ही जाण होती. तेव्हा नेमकी, पाठ करता येण्याजोगी उत्तरे त्याला हवीच असतात. त्या वर्षी ‘फेथ अँड लाइफ’सारखी मालिका आईने मार्गदर्शिका म्हणून वापरावी, हुकूम म्हणून नव्हे.

यातली उणीव ठळक आहे. चार ते सहा वर्षांच्या मुलांसाठी आपल्या किनाऱ्यावरचे, मराठीतले एक कॅथलिक पुस्तक हवे. वसईने मराठी ख्रिस्ती वाङ्मयाला लेखक दिले, संपादक दिले. 2020 च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षही दिले. तिथल्या आणि रायगडमधल्या शिक्षिकांनी, आयांनी मिळून हे काम हाती घेतले तर ते काही मोठे नाही. पन्नास पाने, बारा महिने, आगेरा आणि पोपटी, करंज्याचे जाळे, घारापुरीविषयी एक खरे पान. प्रार्थना आपल्या मिस्सेत म्हणतात त्याच शब्दांत असाव्यात. आणि टंक मोठा असावा, म्हणजे आजीला चष्मा शोधावा लागणार नाही.