सहा आवाज

ओठ मिटा आणि 'म्' म्हणा. शब्द नको, नुसता 'म्', श्वास पुरेल तितका लांब. तो ओठांत थरथरतो, नाकात घुमतो. छातीवर हात ठेवला तर तिथेही लागतो. पुन्हा एकदा म्हणा. घाई नाही.

आता मनाने अंबत्तूरला चला. चेन्नईच्या वायव्येचं हे उपनगर. आधी इथे सायकली बनू लागल्या, मग १९६४ मध्ये औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि प्रेस, लेथ, ग्राइंडर यांचा आवाज इथल्या दिवसाचा भाग झाला. मधून अरक्कोणमकडे जाणारी लोकल धडधडत जाते. अशा ठिकाणी सकाळी एक आई तोंडासमोर कागद धरून 'म्' म्हणते आहे, असं डोळ्यांपुढे आणा. समोर तीन वर्षांचं मूल बसलं आहे. कानामागे प्रोसेसर आणि केसांत चुंबकाने चिकटलेली गोल कॉइल. आवाज आला की ते हातातला मणी वाटीत टाकतं. म्, ऊ, आ, ई, श्, स्. डॅनियल लिंग या कर्णबधिर शिक्षणातल्या तज्ज्ञांनी निवडलेले हे आवाज. माणसाच्या बोलण्याचा खालपासून वरपर्यंतचा सगळा पल्ला त्यांत येतो. कॉक्लिअर इम्प्लांट झालेल्या मुलांच्या घरी अनेकदा दिवस असाच सुरू होतो.

'म्'कडे परत या आणि त्याच्याबरोबर आत जा. कानाचा पडदा हलतो, त्याला टेकलेली हातोडी हलते, मग ऐरण, मग रिकीब. रिकीब एका इवल्या खिडकीवर दाब देते आणि पलीकडे द्रव असतो. तिथे अंतर्कर्ण सुरू होतो. वाटाण्याएवढ्या जागेत अडीच वेढ्यांची नळी, सरळ केली तर साधारण ३५ मिलिमीटर. हा कॉक्लिया. नळीच्या तोंडाशी उंच स्वर उमटतात, आत जावं तसे खालचे. ही लाट नळीतून कशी चालते हे दाखवल्याबद्दल जॉर्ज फॉन बेकेशी यांना १९६१ चं नोबेल मिळालं. 'म्' म्हणा. ती लाट आत्ता शेवटच्या वेढ्यापर्यंत पोचली.

आता, तो शेवटचा वेढा घडलाच नाही असं समजा.

१७९१ मध्ये इटलीतल्या बोलोन्या शहरात कार्लो मोंदिनी या वैद्याने एका आठ वर्षांच्या मुलाच्या कानाचं वर्णन लिहिलं. मुलगा जन्मतः बहिरा होता. गाडीची धडक बसून पायाला जखम झाली, ती चिघळली आणि तो गेला. मोंदिनीने त्याच्या कानामागचं हाड उघडलं. नळी होती, पण अडीचऐवजी दीडच वेढे होते आणि वरच्या भागात जे कप्पे असायला हवेत ते एकमेकांत मिसळले होते. तोवर जन्मजात बहिरेपणाला लोक काय काय कारणं देत असतील. इथे डोळ्यांना दिसणारं एक कारण होतं. या मुलाजवळ थोडं थांबा. तो कधी 'म्' म्हणाला असेल, छातीला तो लागलाही असेल. आज त्याच घडणीचा कान घेऊन जन्मलेल्या मुलाला इम्प्लांटचा चांगला उपयोग होतो, कारण नळीचा पहिला वेढा आणि त्याभोवतीचे चेतातंतू बहुधा ठीक असतात.

ही घडण कधी होते ते सावकाश मोजा. गर्भाच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात डोक्याच्या दोन्ही बाजूंना एक जाडसर ठिपका येतो. तो खोल जातो, त्याची पिशवी होते, पिशवीतून नळी फुटते आणि वळत जाते. दहाव्या आठवड्याच्या आसपास वेढे बहुतेक पुरे झालेले असतात. जन्माच्या वेळी कॉक्लिया मोठ्या माणसाच्या कॉक्लियाएवढाच असतो, पुढे तो वाढत नाही. म्हणजे दिवस गेल्याचं आईला नीट कळायच्या सुमारास हे काम निम्म्याहून जास्त झालेलं असतं. काही ठिकाणी ते वाटेत थांबतं. खूप आधी थांबलं तर अंतर्कर्णच बनत नाही, थोडं उशिरा थांबलं तर एकच पोकळी राहते, आणखी उशिरा थांबलं तर मोंदिनीच्या मुलासारखं होतं. सगळ्याच दोषांचं स्पष्टीकरण इतकं सरळ नाही, पण क्रम समजायला हा धागा उपयोगी पडतो.

इथे मला एक गोष्ट ठासून सांगायची आहे. मूल बहिरं आहे असं कळलं की आपल्या घरांत ग्रहणाचा विषय निघतो. ग्रहणात सुरी हातात घेतली, पपई खाल्ली, जिना चढली. आई ते ऐकते आणि वर्षानुवर्षं मनात धरून ठेवते. तिने यातलं काही केलं असेल किंवा नसेल, त्या नळीचं वळण त्याने ठरलं नाही. नात्यातल्या लग्नांत, मग ते तमिळनाडूतलं मामा-भाचीचं असो की आपल्याकडचं मामेबहीण-आत्तेभावाचं, काही जनुकं दोन्हीकडून येण्याची शक्यता वाढते हे खरं. ते जनुकतज्ज्ञाशी शांतपणे बोलायचं. एकट्या आईच्या पदरात टाकायचं नाही. ही ओळ वाचणारी अशी एखादी आई असेल तर तिने श्वास सोडावा आणि पुढे वाचायच्या आधी थोडा वेळ घ्यावा.

'ऊ' आणि 'आ' यांच्यापाशी फार रेंगाळायला नको. ओठ गोल करा, मग जबडा सैल सोडा. जन्मतः बहिरं बाळही पहिले काही महिने असे आवाज काढतं, म्हणून घरात कुणाला शंका येत नाही. बोबडे बोल यायची वेळ उलटते तेव्हा शंका येते, आणि तोवर मौल्यवान काळ गेलेला असतो. म्हणून पहिल्या महिन्यात श्रवणचाचणी, तिसऱ्यापर्यंत निदान, सहाव्यापर्यंत उपचाराची सुरुवात हा दंडक आहे.

आता 'ई'. म्हणा, आणि लगेच 'ऊ' म्हणा. दोन्हींचा खालचा भाग जवळजवळ सारखा आहे, वेगळेपण 'ई'च्या वरच्या भागात आहे. ज्याला फक्त खालचं ऐकू येतं त्याला 'ई'चा 'ऊ' वाटतो. इम्प्लांटमध्ये बारा ते बावीस इलेक्ट्रोडांची एक बारीक तार नळीत सरकवतात. तोंडाशी असलेले इलेक्ट्रोड उंच स्वर देतात, आतले खालचे. पण जिथे नळीच नाही, नुसती एक पोकळी आहे, तिथे हे वाटप धूसर होतं, एका इलेक्ट्रोडचा प्रवाह शेजारच्याच्या वाट्यात सांडतो. शस्त्रक्रियाही अवघड होते. चेहऱ्याची नस अनेकदा नेहमीच्या वाटेने जात नाही, तिच्यावर यंत्राने नजर ठेवावी लागते. कॉक्लिया उघडताच मेंदूभोवतीचा द्रव जोराने बाहेर येऊ शकतो. स्नायूच्या तुकड्याने ते तोंड नीट बंद करावं लागतं, नाहीतर पुढे मेनिंजायटिसचा धोका असतो. म्हणून आधी सीटी, एमआरआय आणि लस. अंकाराचे लेव्हेंट सेन्नारोग्लू यांनी २००२ मध्ये या दोषांची जी वर्गवारी मांडली, तिचा आधार आज जगभरचे शल्यचिकित्सक घेतात. स्कॅनमधली राखाडी आकृती पाहताना आईबापांना काही कळत नाही. त्यांनी विचारावं, आणि डॉक्टरांनी पेन घेऊन काढून दाखवावं.

'श्'. दात जवळ, जीभ मागे. हवा नुसती सरकते, घसा गप्प असतो. इथे त्या मुलांचा विचार करू ज्यांच्यात कॉक्लियाकडून मेंदूकडे जाणारी नसच नाही. कॉक्लियात तार घालून इथे भागत नाही. १९७९ मध्ये लॉस एंजेलिसला विल्यम हाउस आणि विल्यम हिट्सेलबर्गर यांनी थेट मेंदूच्या देठावर इलेक्ट्रोड ठेवला. तो गाठीमुळे नस गमावलेल्या प्रौढांचा मार्ग होता, पुढे तो अशा मुलांसाठीही खुला झाला. चेन्नईत डॉ. मोहन कामेश्वरन यांच्या मद्रास ईएनटी रिसर्च फाउंडेशनमध्ये मुलांवर ही शस्त्रक्रिया होते. काही मुलांना त्यातून बोलणं उमगतं, पुष्कळांना दाराची टकटक, हाक, आपल्या आवाजाचं भान एवढंच मिळतं. ते थोडं नाही. पण त्यावर भाषा टांगून ठेवू नये. शस्त्रक्रियेची वाट पाहताना, आणि नंतरही, मुलाच्या हाताला खुणा मिळाल्या पाहिजेत. सांकेतिक भाषा शिकवली तर मूल बोलणार नाही, या भीतीपायी कितीतरी मुलं पहिल्या चार-पाच वर्षांत कुठल्याच भाषेशिवाय राहिली. ही हानी कुठल्याही प्रोसेसरने भरून निघत नाही.

खर्चाबद्दल थोडक्यात. तमिळनाडूत मुख्यमंत्री विमा योजनेतून सहा वर्षांखालच्या मुलांना इम्प्लांट मिळतं. केंद्राच्या एडिप या दिव्यांग साहाय्य योजनेतलं इम्प्लांटचं काम वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था पाहते, आणि मुंबईत डॉ. मिलिंद कीर्तने यांच्यासारख्यांनी ही शस्त्रक्रिया रुजवली. विटा, आटपाडीकडची सोनं-चांदी गाळणारी गलाईवाली कुटुंबं तमिळनाडूत पिढ्यांपासून आहेत. तशा घरातल्या मुलाला थेरपी तमिळमध्ये आणि आजीचा फोन मराठीत. दोन्ही ऐकू द्या, मुलांना ते पेलतं. शस्त्रक्रिया काही तासांची, बोलायला शिकणं काही वर्षांचं. यंत्र दुरुस्त करत राहण्याचा खर्च मात्र अजून बहुतेक घरांच्याच माथी आहे, आणि तो सरकारने उचलला पाहिजे.

'स्'. सहांतला सगळ्यात उंच, नळीच्या तोंडाजवळचा. याच भागातल्या पेशी मोठ्या आवाजाने आधी मरतात, आणि मेल्या की पुन्हा येत नाहीत. प्रेसवर आयुष्य काढणाऱ्या बापाचा 'स्' हळूहळू विरत जातो. आवाजाने आलेलं बहिरेपण कायद्यात व्यवसायजन्य आजार म्हणून नोंदलेलं आहे, तरी कानांची झाकणं किती जणांना मिळतात? बाप आणि मूल दोघांसाठी एकदा 'स्' म्हणा.

वाटीत आज पाचच मणी पडले, असं समजा. 'स्' गेला. आई पुन्हा म्हणते, मूल तिच्याकडे पाहत राहतं. ती आधी बॅटरी बदलते. मग मायक्रोफोनचं झाकण पाहते, कारण चेन्नईच्या दमट हवेत ते ओलं होतं. वायर तपासते, पुन्हा म्हणते. मग फोनवर वेळ मागते आणि वहीत तारीख घालून लिहिते, 'पाच आले, स् नाही.' ऑडिओलॉजिस्ट ती नोंद वाचेल, नळीच्या तोंडाशी असलेल्या इलेक्ट्रोडचा प्रवाह जरासा वाढवेल, आणि मुलाला तिथेच खुर्चीत बसवून सहाही आवाज पहिल्यापासून घेईल.