वकिलाची चूक आणि अशिलाचा जीव

आपल्या रोजच्या व्यवहारांत एक नियम आपण फारशी चिकित्सा न करतां मान्य करतों. मालकानें ज्याला मुखत्यार नेमलें, त्यानें केलेला करार मालकाला बांधतो. मुखत्याराच्या हातून चूक झाली तर तिचा भुर्दंडही मालकानेंच सोसावयाचा. हा नियम न्याय्य आहे, कारण माणूस पारखून घेण्याची आणि तो नालायक ठरल्यास त्याला दूर करण्याची मोकळीक मालकाला असते. परंतु हाच नियम खुनाच्या आरोपाखालीं उभ्या असलेल्या निर्धन माणसाला लावला, तर तो तितकाच न्याय्य राहतो काय? हा प्रश्न केवळ कायदेपंडितांनीं सोडवावयाचा नाहीं. तो नीतीचा प्रश्न आहे.

अमेरिकेच्या न्यायालयांत या प्रश्नाचा ऊहापोह पुष्कळ वर्षें चालू आहे. १९६३ सालीं गिडियन खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, गंभीर गुन्ह्याच्या आरोपीस ऐपत नसेल तर राज्यानें त्याला वकील दिला पाहिजे. पण वकील नुसता हजर असणें म्हणजे बचाव होणें नव्हे. म्हणून १९८४ सालीं स्ट्रिकलंड खटल्यांत त्याच न्यायालयानें एक कसोटी घालून दिली. वकिलाचें काम वाजवी दर्जाच्या खालीं गेलें होतें, आणि तसें झालें नसतें तर निकाल निराळा लागण्याचा वाजवी संभव होता, या दोन्ही गोष्टी कैद्यानें दाखविल्या पाहिजेत. कसोटी कठीण खरी. पण वकिलाची हयगय हा अशिलाचा अपराध नव्हे, एवढी कबुली तरी तिच्यांत आहे.

मात्र ही कबुली मूळ खटला आणि पहिलें अपील यांच्यापुरतीच आहे. शिक्षा कायम झाल्यावर ‘माझा बचाव नीट झाला नाहीं’ अशी दाद मागण्याच्या टप्प्यावर वकील मिळण्याचा घटनात्मक हक्क नाहीं. म्हणून त्या टप्प्यावर वकील चुकला तर ती चूक कैद्याची, असें १९९१ सालीं कोलमन खटल्यांत ठरलें. व्हर्जिनियांतील त्या फांशीच्या कैद्याच्या वकिलांनीं अपिलाची नोटीस तीन दिवस उशिरां दिली होती. तेवढ्यावरून केंद्रीय न्यायालयांचें दार त्याला बंद झालें, आणि १९९२ सालीं त्याला देहान्त शिक्षा देण्यांत आली. पुढें २००६ सालीं नव्या पद्धतीनें डीएनए तपासणी झाली, तेव्हां पुरावा त्याच्याविरुद्धच गेला.

येथें निकालाच्या अंतिमत्वाचे कैवारी विचारतील, “मग ते तीन दिवस माफ करून काय साधलें असतें?” प्रश्न टाळण्याजोगा नाहीं. पण २००६ ची तपासणी निकाल बरोबर होता एवढेंच सांगते. दार बंद करणें बरोबर होतें, असें ती सांगत नाहीं. १९९१ सालीं दार बंद करणाऱ्यांना आंत काय आहे हें ठाऊक नव्हतें. डोळे मिटून रस्ता ओलांडणारा सुखरूप पलीकडे पोंचला, म्हणून डोळे मिटणें हा शहाणपणा ठरत नाहीं.

प्रत्येक वेळीं माणूस सुखरूप पोंचतोच असेंही नाहीं. अ‍ॅरिझोना राज्यांत १९९५ सालीं चार वर्षांच्या एका मुलीच्या खुनाबद्दल एका इसमास फांशी फर्मावण्यांत आली. मुलीच्या पोटांतील प्राणघातक इजा नेमकी केव्हां झाली, यावर सारी भिस्त होती. बचावाच्या वकिलानें त्या वैद्यकीय पुराव्याची पुरेशी छाननी करून घेतली नाहीं. त्याची ही हयगय उजेडांत आणण्यासाठीं जो दुसरा वकील नेमला गेला, त्यानेंही तेंच केलें. पुढें केंद्रीय न्यायालयांत नवा पुरावा मांडला गेला. सात दिवस सुनावणी झाली. आणि २०१८ सालीं न्यायाधीशांनीं शिक्षा रद्द ठरविली. वरिष्ठ न्यायालयानें २०१९ सालीं तो निर्णय उचलून धरला. परंतु २०२२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं तो फिरविला. १९९६ च्या कायद्याप्रमाणें जो पुरावा राज्याच्या न्यायालयापुढें आलाच नव्हता तो केंद्रीय न्यायालयानें विचारांत घेऊं नये, आणि तो न आणण्याचा दुसऱ्या वकिलाचा दोष कैद्याचाच समजावा, असा त्या निकालाचा अर्थ होता. केवळ निर्दोषत्व येथें पुरेसें नाहीं, असें राज्याच्या वकिलानें सुनावणींत स्पष्टच सांगितलें होतें. अखेर २०२३ सालीं तडजोड झाली. मुलीला इस्पितळांत न नेल्याबद्दलचा कमी दर्जाचा गुन्हा त्यानें कबूल केला, शिक्षा भोगून झाली असें मानण्यांत आलें, आणि एकोणतीस वर्षांनीं तो बाहेर पडला.

अंतिमत्वाच्या बाजूनें बोलण्यासारखें पुष्कळ आहे. वर्षें लोटलीं कीं साक्षीदारांच्या आठवणी पुसट होतात. मृताच्या आप्तांना तेंच दुःख पुन्हा उगाळावें लागतें. शिवाय प्रत्येक दोषी माणूस आपल्या वकिलाकडे बोट दाखवूं लागला तर खटले संपावयाचे केव्हां? हीं कारणें मीं क्षुल्लक मानीत नाहीं. पण निकालाला अंतिमत्व येतें तें दोन्ही बाजू ऐकल्यामुळें. जी बाजू कधीं मांडलीच गेली नाहीं, तिच्याविषयीं ‘हें आतां संपलें’ असें म्हणण्याचा अधिकार कोठून येतो? मुखत्याराच्या नियमाचें समर्थन तर येथें पार कोसळतें. गरीब कैद्यानें वकील निवडलेला नसतो. त्याची पारख करण्याचें साधन त्याच्यापाशीं नसतें. वकील राज्यानें नेमावा, मेहनताना राज्यानें ठरवावा, आणि त्याची चूक मात्र कैद्याच्या खात्यावर मांडावी, हा हिशेब कोणताही प्रामाणिक व्यापारी मान्य करणार नाहीं.

दार उघडल्यानें न्यायालयाची प्रतिष्ठा ढासळते, ही भीतीही तपासून पाहण्याजोगी आहे. त्यासाठीं दूर जावयास नको. जालना जिल्ह्यांतील भोकरदनजवळ २००३ सालीं दरोडा पडून खून झाले. त्या प्रकरणांत २००९ सालीं आपल्या सर्वोच्च न्यायालयानें सहाही आरोपींना फांशी फर्मावली. घटनेनंतर लौकरच वाचलेल्या साक्षीदारानें पोलिसांकडील छायाचित्रांतून निराळ्याच चौघांना ओळखलें होतें. त्या दिशेनें तपास झाला नव्हता. २०१९ सालीं त्याच न्यायालयानें फेरविचारांत साऱ्यांना निर्दोष सोडलें आणि प्रत्येकास पांच लाख रुपये देण्यास राज्यास सांगितलें. घटनेला तेव्हां जवळजवळ सोळा वर्षें झालीं होतीं. स्वतःचा निकाल स्वतःच पुसल्यानें न्यायालय लहान झालें, असें कोणी विचारी माणूस म्हणेल काय?

चुकणें मनुष्याच्या हातून व्हावयाचेंच. न्यायाधीश आणि वकील हीं माणसेंच आहेत. चुकीची किंमत कोणी तरी मोजलीच पाहिजे, हेंही खरें. पण ज्याच्यापाशीं जिवावांचून मोजावयास कांहीं उरलें नाहीं, त्याच्याकडूनच ती वसूल करण्याआधीं, त्याच्या हातांतील नवा कागद एकदां वाचून पाहण्यास आपल्याला वेळ नाहीं असें म्हणणाऱ्या समाजानें न्यायाचें नांव घेऊं नये.