प्राणवायू आणि परपीडा



परपीडेसारखे पाप नाही, हे प्रत्येक वारकरी माळ घालतानाच मनात धरतो. परंतु पीडा म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे काय येते? मारणे, लुबाडणे, टोचून बोलणे. हाताने किंवा जिभेने केलेली पीडा चटकन दिसते. पण जी पीडा वाऱ्यावर बसून जाते, जिचा कर्ता एका गावी आणि भोक्ता दुसऱ्या गावी, ती पापात धरायची की नाही? आज एवढ्याच प्रश्नाचा विचार करू.

प्रथम शास्त्र काय म्हणते ते पाहावे. न्यायशास्त्राप्रमाणे वायूचा विशेष गुण स्पर्श. गंध हा पृथ्वीचा गुण. वाऱ्याला वास आला, तर पृथ्वीचे सूक्ष्म कण त्यात मिसळले असे नैयायिक समजतात. भागवताच्या एकादश स्कंधात अवधूताने जे चोवीस गुरू सांगितले, त्यांत वायूही आहे. आणि नाथ महाराजांनी तो सारा स्कंध मराठीत उलगडून दाखविला. वायू सर्वांना शिवतो, पण कोणाचा होत नाही, म्हणून तो गुरू. तात्पर्य, वायू स्वतः कधी मळत नाही. त्यात जो मळ दिसतो तो आपण उडविलेला असतो.

आता हेच आजच्या विज्ञानाच्या भाषेत ऐका. हवेतील जे कण अडीच मायक्रॉनपेक्षा, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या हिश्श्यापेक्षा, लहान असतात, ते फार घातक. मोठी धूळ नाकातले केस आणि कफ अडवितात. हे बारीक कण मात्र थेट फुप्फुसातील कोट्यवधी वायुकोशांपर्यंत उतरतात, आणि त्यांतले अतिसूक्ष्म रक्तातही शिरतात. त्यामुळे दमा बळावतो, श्वासनलिका सुजून आकसतात, लहान मुलांची फुप्फुसे पुरती वाढत नाहीत, हृदयावर भार पडतो. 2013 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दूषित हवा ही कर्करोगाचे कारण म्हणून निश्चित केली. या बारीक कणांचे प्रमाण वर्षाच्या सरासरीने घनमीटरला 5 मायक्रोग्रॅमच्या वर जाऊ नये, असे त्याच संघटनेने 2021 साली सांगितले. आपल्या देशाची मर्यादा 40 आहे. यावरून आपण कोठे उभे आहोत ते समजावे.

म्हणाल, बुवा, हे मुंबईचे दुखणे. आमच्या गासचे काय? गास म्हणजे वाड्या, केळी, भाजीपाला, बावखळे आणि जवळच समुद्र. पण वाऱ्याची चाल पाहा. दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात. रात्री व पहाटे उलटे, जमिनीकडून मतलई वारे सुटतात. पूर्वेकडे महामार्ग आहे, वालीव-सातिवलीचे कारखाने आहेत, गोखिवऱ्याची कचराभूमी आहे. तेथील धूर आणि धूळ पहाटे पश्चिमेकडे सरकते. त्यातच थंडीत जमिनीलगतची हवा गार व जड होते, वर उबदार हवेचे झाकण बसते, आणि खालचे सारे खालीच कोंडते. आश्विन पौर्णिमेपासून कार्तिक पौर्णिमेपर्यंत आपण काकड्याला उठतो, तो नेमका हाच काळ सुरू होण्याचा. कार्तिक वद्य एकादशीला आळंदीची यात्रा आणि आपल्याकडे निर्मळची यात्रा, तेव्हाही तेच. 2023 च्या ऑक्टोबरात मुंबईची हवा इतकी बिघडली की मुंबई उच्च न्यायालयाला आपण होऊन तो विषय हाती घ्यावा लागला. वारा महापालिकेची हद्द जाणत नाही.

एका सप्ताहात एका गृहस्थांनी विचारले, "बुवा, ज्याच्या प्रारब्धात दमा आहे त्याला तो होणारच. धूर बिचारा निमित्तमात्र. मग जाळणाऱ्याला बोल कशाला?" प्रश्न वरवर शास्त्रीय वाटतो, म्हणूनच तो सोडून चालणार नाही. कर्म तीन प्रकारचे: संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. भोगणाऱ्याचे ते प्रारब्ध असेलही; पण काडी लावणाऱ्याचे ते आज, आत्ता घडणारे क्रियमाण आहे, आणि त्याचा हिशेब त्याच्याच नावावर लिहिला जातो. शिवाय दुसऱ्याचे प्रारब्ध कोणी पाहिले आहे? ते भोग आल्यावरच कळते. चोर पकडल्यावर "तुमचा पैसा जाणे हे तुमचं प्रारब्ध" असे म्हणाला, तर घरधनी त्याला सोडील काय? प्रारब्ध हा शब्द दुःख सोसणाऱ्याने धीर धरण्यासाठी आहे. दुःख देणाऱ्याने सुटका करून घेण्यासाठी नाही.

दुसरा म्हणतो, "माझ्या एका ढिगाऱ्याने काय होतंय?" बरे, मग दिंडीत तू टाळ का वाजवतोस? एका टाळाने काय होते? तरी शंभर टाळ मिळून भजन उभे राहते, आणि त्या पुण्यात आपला वाटा आहे असे आपण मानतो. जो पुण्यात वाटा मागतो, त्याला पापातला वाटा नाकारता येणार नाही.

तिसरा होमाचा दाखला देतो. होमात समिधा आणि तूप पडते. प्लॅस्टिक, रबर आणि जुन्या वायरी हे हविर्द्रव्य नव्हे. उलट मी तर म्हणतो, कोंडलेल्या देवघरात धूप-उदबत्तीचा लोट करून बाजूला खोकणाऱ्या म्हातारीला बसविणे हीही भक्ती नव्हे. खिडकी उघडी ठेवावी. एक तुळशीपत्र देवाला पुरते.

मात्र उपदेश करताना न्याय सोडू नये. अंगणातला पालापाचोळा जाळणारी आजी आणि उघड्या डंपरातून राडारोडा उडवीत जाणारा ठेकेदार यांना एका तराजूत तोलणे हा अन्याय होईल. वीटभट्टीवरचा मजूर धूर करतो तो पोटासाठी, आणि सर्वांत आधी तोच तो धूर गिळतो. चुलीपुढे बसणाऱ्या माउलीचेही तसेच. ज्याच्या हाती सत्ता व पैसा अधिक, त्याचा दोष अधिक. कचरा वेळेवर उचलणे हे पालिकेचे काम आहे आणि ते मागणे हा आपला धर्म आहे. याच वसईत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी हरित वसईसाठी लोकांना उभे केले. पंथ वेगळा, पण श्वास एकच.

योगमार्गात अजपाजप सांगितला आहे. मनुष्याचे अहोरात्र 21,600 श्वास, म्हणजे मिनिटाला पंधरा. आजचे डॉक्टरही बारा ते वीसच सांगतात. प्रत्येक श्वासाबरोबर "सोऽहं" हा जप न जपता चालतो. मग विचार करा. ज्याचा श्वास आपण कोंडला, त्याचा जप आपण मोडला. मंदिरात चाललेले भजन बंद पाडणाऱ्याला आपण क्षमा करीत नाही; मग देहाच्या मंदिरातले भजन बंद पाडणाऱ्याला काय म्हणावे?

म्हणून वारकऱ्याने काही नेम जोडून घ्यावे. कचरा जाळू नये. ओला खड्ड्यात कुजवावा, सुका घंटागाडीत द्यावा. ज्याच्या गळ्यात माळ, त्याच्या बोटांत बिडी नसावी. तो धूर तर घरातली लेकरेही ओढतात. दमेकऱ्यांनी व वृद्धांनी थंडीत धुरकट पहाटे फिरायला जाण्याची घाई करू नये, ऊन वर येऊ द्यावे, आणि खोकला दोन आठवड्यांहून अधिक रेंगाळला तर अंगारा लावून न थांबता वैद्याला दाखवावे.

असो. पाणी विहिरीत असते, धान्य कोठारात असते, त्यांना कुलूप लावता येते. वाऱ्याला कुलूप नाही. तो श्रीमंताच्या छातीतून निघून गरिबाच्या छातीत जातो. सर्वांभूती एकच नारायण आहे, हे बुद्धीने पटायला जन्म जातो. वायू मात्र ते प्रत्येक श्वासाला सिद्ध करून दाखवितो. तेवढे ओळखले तरी पुरे.

पुंडलीकवरदे हरि विठ्ठल!