दोन मीटरवरची मुंबई

मुंबईची सामान्य माणसे फोटोत आली, ती स्वतःच्या जागेवरून उचलली जाऊन. विल्यम जॉन्सनने १८६३ आणि १८६६ मध्ये इथल्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे दोन खंड काढले. त्यांतल्या अनेक चित्रांत माणसे एका निगेटिव्हवरची आणि मागचे ठिकाण दुसऱ्याच निगेटिव्हवरचे आहे. खाली नाव जमातीचे, माणसाचे नाही. काचेच्या निगेटिव्हच्या त्या काळात हलता रस्ता टिपणे अवघडच होते. पण माणसाला त्याच्या परिसरापासून तोडून बघण्याची सवय तंत्र सुधारल्यावरही सुटली नाही. आज मोबाइलचा पोर्ट्रेट मोड मागचे सगळे आपोआप धूसर करून देतो आणि आपण त्याला छान फोटो म्हणतो.

म्हणूनच रोजचे जीवन टिपायला मला फिल्मचा रेंजफाइंडर कॅमेरा मोलाचा वाटतो. १९३२ च्या लायका-२ कॅमेऱ्यात रेंजफाइंडर थेट भिंगाशी जोडला गेला आणि हे तंत्र रस्त्यावर उतरले. डोळा लावायची खिडकी इथे भिंगापासून वेगळी असते. तिच्या मधल्या उजळ ठिपक्यात समोरच्या वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. भिंगाची कडी फिरवून त्या एकमेकींवर बसवल्या की फोकस साधला. खिडकीत काहीच धूसर होत नाही. बहुतेक कॅमेऱ्यांत फोटोची हद्द उजळ रेषांनी आखलेली असते आणि त्या रेषांबाहेरचेही दिसत राहते. काय घ्यायचे हे ठरवताना काय सुटते आहे, हेही डोळ्यासमोर असते.

लालबागच्या मसाला बाजारात एप्रिल-मे महिन्यांत उभे राहून बघा. बायका मिरचीचे देठ खुडत बसलेल्या असतात, पदर नाकावर असतो, पलीकडे डंक चालू असतो आणि आपला मसाला कुटून होईपर्यंत कुणी तिथून हलत नाही. ३५ मिलिमीटरचे भिंग, एफ-८ छिद्र आणि तीन मीटरवर फोकस ठेवला, की साधारण दोन ते सात मीटरपर्यंतचे सारे स्पष्ट येते. देठ खुडणारी बोटे आणि मागचा डंक दोन्ही एकाच फोटोत मावतात. मात्र त्यासाठी दोन-तीन मीटरवर जावे लागते. इतक्या जवळ चोरून फोटो काढता येत नाही. आधी बोलावे लागते, कधी ‘नको’ ऐकून मागे फिरावे लागते. रोलमध्ये ३६ फोटो, त्यामुळे हातही आवरता राहतो.

मोबाइलने हे जमत नाही असे नाही. फक्त तो आपल्याला थांबवत नाही. शिवाय धुतलेली निगेटिव्ह ही वस्तू आहे. नीट ठेवली तर पुढची पिढी ती उजेडासमोर धरून बघू शकते.

आपल्या मुंबईत रोजचे जीवन असे टिपण्याची निकड आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. गिरणगाव म्हटले की त्या संपाचे मोर्चे आणि सभा डोळ्यांपुढे येतात. पाळी सुटल्यावर खानावळीत जेवायला बसलेली पंगत, गॅलरीतली अंथरुणे, नळावरची रांग मात्र सहज आठवत नाहीत. १९२० च्या दशकातल्या बीडीडी चाळींच्या १६० चौरस फुटांच्या खोल्या जाऊन तिथे टॉवर उभे राहत आहेत. मोठे घर हा रहिवाशांचा हक्कच आहे. पण अर्धा संसार गॅलरीत मांडणारी राहणी त्या खोल्यांबरोबर जाते आहे. गिरगावच्या चाळींतही वेगळे काही नाही.

तेव्हा कपाटात जुना कॅमेरा असेल तर तो दुरुस्त करून घ्या. सणाची गर्दी टिपायला पुष्कळ जण आहेत. तुम्ही साधा मंगळवार टिपा. निगेटिव्हच्या पाकिटावर गल्ली, तारीख आणि त्या व्यक्तीच्या संमतीने तिचे नाव लिहा. आणि पहिली प्रिंट तिच्याच हातात द्या.