न दिसणारा सांधा



या वेळी एका जुन्या गाडीच्या मागच्या एक्सलबद्दल बोलायचे आहे. धम्माच्या पत्रिकेत गॅरेज कशाला, असे काहींना वाटेल. पण तुमच्यापैकी जे अल नहदात राहतात त्यांना गॅरेज काही लांब नाही. दुबई आणि शारजाच्या हद्दीवरची ही वस्ती, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. एका बाजूला अल कुसैस, आणि शारजाच्या बाजूने पुढे गेलात की इंडस्ट्रियल एरियातल्या गॅरेजांच्या रांगा. (नहदा या अरबी शब्दाचा अर्थ उठणे, जागृती. राहायला आल्यावर किती जण पत्त्याचा अर्थ विचारतात?) सकाळी कंपनीच्या बसची वाट बघत उभ्या असलेल्यांत आपलीही माणसे असतात: फिटर, वेल्डर, डेंटर, पेंटर. हा लेख त्यांच्यासाठी आहे, आणि त्यांच्याकडून काम करून घेणाऱ्यांसाठी तर जास्तच.

जुन्या गाड्यांचा शौक या देशात मोठा आहे. शारजात विमानतळाजवळ अल धैद रस्त्यावर जुन्या मोटारींचे संग्रहालयच आहे. तिथल्या गाड्या जशा होत्या तशा जपलेल्या. रस्त्यावरच्या शौकिनांचे मात्र वेगळे असते. समजा, साठच्या दशकातली फोर्ड मस्टँग आहे. मालकाला मागे रुंद टायर हवेत. मूळ गाडी अरुंद टायरसाठी बांधलेली, त्यामुळे रुंद टायर एकतर मडगार्डच्या बाहेर येतो, नाहीतर आतल्या बाजूला पाट्यांना घासतो. मडगार्ड फुगवले तर जागा होते, पण गाडीचा चेहरा बदलतो आणि ते लगेच दिसते. ज्याला बाहेरून गाडी जशीच्या तशी हवी आणि टायरही रुंद हवेत, तो सांगतो, एक्सल आखूड करा.

हे काम काय असते ते नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा प्रश्न त्यात आहे. मधे डिफरन्शिअल, दोन बाजूंना दोन नळ्या, नळ्यांत दोन शाफ्ट. नळ्या कापायच्या, हवा तेवढा तुकडा काढून टाकायचा आणि टोके परत वेल्ड करायची. वेल्डिंगच्या उष्णतेने लोखंड ओढले जाते. म्हणून जाणता कारागीर दोन्ही टोकांच्या बेअरिंगच्या जागांतून आणि मधल्या डिफमधून एक सरळ दांडा घालतो, थोडे वेल्ड करतो, थांबतो, मोजतो, पुन्हा थोडे करतो. नळी जराशी वाकडी झाली तरी बेअरिंग तापते, सील गळते, टायर एका बाजूने झिजतो. शाफ्टही आखूड करावे लागतात. ते टोकाकडून कापून नव्याने दाते पाडायचे, किंवा त्या मापाचे नवेच करून घ्यायचे. दोन्हीला वेळ लागतो, पैसा लागतो. झटपट वाट अशी की शाफ्ट मधूनच कापायचा, तुकडा काढायचा आणि जोडून टाकायचा. वर रंग मारला की झाले. अनेक जुन्या गाड्यांत चाक त्या शाफ्टच्याच आधारावर असते. शाफ्ट तुटला तर चाक गाडी सोडून निघून जाऊ शकते. आणि पाटे आत सरकवले असतील तर गाडी वळणावर पूर्वीपेक्षा जास्त कलते. चालवणाऱ्याला हे माहीत असायला हवे.

यातले काहीही बाहेरून दिसत नाही. दिसू नये म्हणून तर हा खटाटोप. चांगले केलेले काम आणि वाईट केलेले काम, दोन्ही सारखेच झाकलेले. गाडी उभी असताना तुम्ही, मी, बाजूचा पोलीस, कोणालाही फरक सांगता येणार नाही.

अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात एक सुत्त आहे, पचेतन राजा आणि त्याच्या रथकाराचे. भगवान बुद्धांनी ते वाराणसीजवळ इसिपतनात सांगितले. राजा रथकाराला म्हणतो, सहा महिन्यांनी लढाई आहे, चाकांची नवी जोडी हवी. सहा महिन्यांना सहा दिवस कमी असताना एकच चाक तयार असते. राजा विचारतो, उरलेल्या सहा दिवसांत दुसरे होईल का? रथकार म्हणतो, होईल. तो करतो आणि जोडी घेऊन येतो. राजा दोन्ही चाके बघतो आणि म्हणतो, मला तर काही फरक दिसत नाही. रथकार म्हणतो, फरक आहे. तो सहा दिवसांचे चाक सोडतो. जोर असेपर्यंत ते जाते, मग डगमगते आणि पडते. पहिले चाक जोर संपल्यावर आसात बसवल्यासारखे उभे राहते. कारण विचारल्यावर तो सांगतो की पडलेल्या चाकाची धाव, आरे आणि तुंबा, तिन्हींत वाकडेपणा आणि दोष राहिले आहेत. भगवंत हा दाखला पुढे काया, वाचा आणि मनाच्या वाकडेपणाला लावतात, ते तुम्ही प्रवचनांत ऐकले असेल. ('दुःख' शब्दातला 'ख' म्हणजे चाकाचे मधले भोक, म्हणजे ज्याचे भोक नीट नाही ते चाक, अशीही एक व्युत्पत्ती काही अभ्यासक देतात. सगळ्यांना ती मान्य नाही, पण रस्त्यावर राहणाऱ्या माणसाला पटते खरी.)

मला या सुत्तातल्या दोन गोष्टी पुन्हा पुन्हा बघाव्याशा वाटतात. एक, राजाला फरक दिसत नव्हता. रथकार गप्प राहिला असता तर मोबदला घेऊन घरी गेला असता. दोष त्याने स्वतः, काम सोपवतानाच, दाखवून दिला. दुसरी गोष्ट कमी बोलली जाते. सहा दिवसांचा तगादा कोणाचा होता? राजाचा. ज्याला घाई होती त्याच्याच रथाला ते चाक लागणार होते, आणि रथात सारथीही असणार होता, ज्याला कोणी काही विचारले नव्हते.

आता परत नहदात या. शेठ म्हणतो, गिऱ्हाईक गुरुवारी येणार, शाफ्ट जोडून टाक. वेल्डरला माहीत आहे की जोड टिकणार नाही. त्याने काय करावे? 'सत्य बोल' म्हणणे आपल्याला सोपे आहे. त्याचा व्हिसा शेठच्या हातात आहे, गावी घराचे कर्ज आहे, मुलगी कॉलेजात आहे. नकाराची किंमत प्रत्येकाला सारखी पडत नाही, आणि जो नीतिविचार हे लक्षात घेत नाही तो मला अपुरा वाटतो. बाबासाहेबांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म' या 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात सम्यक आजीविकेची कसोटी अगदी साधी ठेवली आहे: दुसऱ्याला इजा किंवा अन्याय न करता पोट भरणे. या कसोटीत कामाचे नाव महत्त्वाचे नाही, त्या कामाने कोणाला काय होते ते महत्त्वाचे. म्हणून वेल्डिंग हा सम्यक आजीव आहे का, या प्रश्नाला अर्थ नाही. हा जोड सम्यक आहे का, असा तो प्रश्न आहे, आणि तो वेल्डरइतकाच शेठला आणि गिऱ्हाइकालाही लागू होतो.

माझे मत सांगतो. वेल्डरकडून एवढीच अपेक्षा ठेवता येते की जे माहीत आहे ते त्याने गाडी जाण्याआधी बोलावे. शेठला सांगावे, आणि संधी मिळाली तर गिऱ्हाइकालाही. ज्याचा भार हलका आहे त्याने जास्त उचलावे. तो गिऱ्हाईक आहे. रुंद टायर ही त्याची हौस आहे, गरज नाही. त्याच्याकडे वेळ आहे, दुसऱ्या गॅरेजात जाण्याची मुभा आहे. शाफ्ट कसा करणार, नळी सरळ ठेवायला दांडा वापरणार का, हे त्याने विचारले आणि 'एक आठवडा जास्त घ्या' म्हटले, तर वेल्डरला धाडस दाखवण्याची वेळच येत नाही. परवानगीशिवाय चासीत फेरफार करणे इथे गुन्हा आहे, त्यामुळे परवानगी आणि तपासणी हेही त्याचेच काम. आपल्यातले बरेच जण आता गिऱ्हाइकाच्या बाजूला आहेत, गाडीच्या नसतील तर फ्लॅटच्या दुरुस्तीच्या, घरकामाच्या, ऑफिसातल्या मुदतींच्या. आपण 'होईल ना?' असे विचारतो तेव्हा समोरच्याला 'नाही' म्हणायला जागा ठेवतो का?

मूळ गाडी कापणेच पाप, असे म्हणणारे शौकीनही आहेत. ते मला पटत नाही. कारखान्यातून निघाली त्या दिवशीची गाडी कोणाकडेच उरलेली नसते. रबर बदलते, तारा बदलतात, रंग तर बदलतोच. अनिच्चाची शिकवण घेतलेल्या माणसाने मूळपणाचे एवढे अवडंबर करू नये. कापा, पण मोजून कापा.

आणि जे कापले ते लिहून ठेवा. आखाती देशांतले आपले आयुष्य माहीत आहे. नोकरी संपते, महिन्याभरात सामान विकायचे, गाडी कोणाला तरी द्यायची आणि विमान धरायचे. विकत घेणारा रंग बघतो, सीट बघतो, मागचे रुंद टायर बघून खूश होतो. एक्सल आखूड केला आहे, कोणी केला, शाफ्ट नवे आहेत की जोडलेले, हे कोणी विचारत नाही आणि कोणी सांगतही नाही. 'मी खोटे कुठे बोललो, त्याने विचारलेच नाही' ही पळवाट चौथ्या शीलाला चालेल असे मला वाटत नाही. विकताना कामाचे बिल, मापे आणि काम चालू असतानाचे दोन-चार फोटो कागदपत्रांसोबत द्या. बिलावर नुसते 'मागचे काम' असे लिहिले असेल तर गॅरेजवाल्याकडून नीट लिहून घ्या. पुढच्या मालकाच्या मेकॅनिकला गाडीखाली शिरताना ते उपयोगी पडेल.